स्वभाव, लॉकर रूम आणि ट्रेड : वाचकांचे प्रश्न

उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगविषयी, म्हणजे एनएचएलविषयी, या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरत होती : खेळाडूंचा स्वभाव आणि त्यावरून होणारे ट्रेड, म्हणजे संघासंघांतील खेळाडूंची अदलाबदल. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : व्हँकूव्हर कनक्सने जानेवारी २०२५ मध्ये जे. टी. मिलरसारखा खेळाडू न्यूयॉर्क रेंजर्सला देऊन टाकला, कारण म्हणे त्याचे आणि एलियास पेटरसनचे पटत नव्हते. एवढा पगार घेणाऱ्या दोन माणसांना एकमेकांशी न बोलता आपापले काम करता येऊ नये? निव्वळ न पटण्यावरून ट्रेड होतो, हे मला खरे वाटत नाही.

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण बहुतेक ट्रेड न पटण्यावरून होत नाहीतच. पगारमर्यादा, करार संपण्याची तारीख, एखादी दुखापत, बचावफळीतली उणीव ही रोजची कारणे असतात. स्वभावाचे कारण त्यांच्या मागून चालत येते आणि बातमीत मात्र सर्वांत पुढे उभे राहते. व्हँकूव्हरचे प्रकरण वेगळे ठरले, कारण तेथे खुद्द संघाच्या हॉकी विभागाचे अध्यक्ष जिम रदरफर्ड यांनीच हे कारण उघडपणे बोलून दाखवले.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २०२३-२४ च्या हंगामात हा संघ १०९ गुण मिळवून आपल्या विभागात पहिला आला, प्रशिक्षक रिक टॉकेट यांना सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला, मिलरचे गोल आणि असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) मिळून १०३ गुण झाले आणि पेटरसनचे ८९. पुढच्याच हंगामात सूर बिघडला. मिलर वैयक्तिक कारणासाठी काही आठवडे संघापासून दूर राहिला, पेटरसनचा खेळ उतरला आणि दोघांमधील बेबनावाची चर्चा सुरू झाली, तेव्हा दोघांनीही पत्रकारांसमोर ती उडवून लावली. मग जानेवारीच्या अखेरीस रदरफर्ड यांनी एका वृत्तपत्राला सांगितले की, हा वाद मिटवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, काही काळ तो मिटल्यासारखा वाटे, पण तो पुन्हा उफाळून येई आणि हा संच एकत्र ठेवण्याचा चांगला मार्ग आता दिसत नाही. त्यानंतर काही दिवसांतच, ३१ जानेवारीला, मिलर न्यूयॉर्कला गेला.

न बोलता काम का होऊ नये, हे समजण्यासाठी त्या कामाकडे जवळून पाहावे लागेल. आइस हॉकीत खेळाडू एका वेळी साधारण ४५ सेकंद बर्फावर असतो आणि दमून बाकावर परततो. पुन्हा पाळी येईपर्यंतच्या त्या दीडदोन मिनिटांत, खांद्याला खांदा लावून बसलेली माणसे आताच काय चुकले हे एकमेकांना सांगतात. हातातल्या टॅब्लेटवर नुकतीच हुकलेली संधी पाहतात. कोणी कुठे वळायला हवे होते यावर दोन वाक्ये बोलतात. प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसला की दोन मिनिटांचा पॉवर प्ले मिळतो, आणि त्यासाठी संघाचे पाच उत्तम खेळाडू एकत्र उतरवले जातात. मिलर आणि पेटरसन या पाचांत असत. जिथे न पाहता पास द्यायचा असतो, तिथे समोरच्याने आपल्या चुकीवर मागच्या वेळी कसे तोंड वाकडे केले होते, हे हाताला आठवते. शिवाय त्या हंगामाचे ८२ सामने, त्यांतले निम्मे परगावी, आणि व्हँकूव्हर एका कोपऱ्यात असल्याने लांबलांबचे विमानप्रवास. कार्यालयात दोघे अबोला धरून वर्षानुवर्षे नोकरी करू शकतात, कारण त्यांना सहसा एकमेकांच्या हालचालीचा अंदाज अर्ध्या सेकंदात घ्यावा लागत नाही.

आता या प्रकरणातील मला सर्वांत बोलका वाटणारा भाग. कोणीतरी जायला हवे, हे स्वभावांनी ठरवले. कोण जाणार, हे मात्र वयाने आणि करारांनी ठरवले. पेटरसन २६ वर्षांचा होता आणि त्याचा वर्षाला सरासरी १ कोटी १६ लाख डॉलरचा आठ वर्षांचा नवा करार त्याच हंगामापासून सुरू झाला होता. मिलर ३१ वर्षांचा होता, त्याचा करार वर्षाला ८० लाखांचा होता आणि त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही, असे कलम त्यात होते. त्यामुळे कुठे जायचे यातही त्याचाच शब्द चालला. ज्या संघाने त्याला २०११ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडले होते, त्याच संघाकडे तो परत गेला.

आणि भाव? घरातले भांडण चव्हाट्यावर आले की दारात येणारा प्रत्येक ग्राहक घासाघीस करतो. व्हँकूव्हरला मिळाला तो डोक्याच्या दुखापतींचा इतिहास असलेला फिलिप हिटिल, तरुण बचावपटू व्हिक्टर मॅन्सिनी आणि पहिल्या फेरीतील एक अटींसह ड्राफ्ट पिक (ड्राफ्टमधील निवडीचा हक्क). तो पिक आणि आणखी तीन खेळाडू त्यांनी त्याच रात्री पिट्सबर्गला देऊन मार्कस पेटरसन आणि ड्रू ओ'कॉनर हे दोघे घेतले. (त्यामुळे संघात एकूण तीन पेटरसन झाले आणि त्यांतल्या दोघांचे पहिले नावही एलियासच, समालोचकांचे काय हाल झाले असतील, याची कल्पना करावी.) अडलेल्या संघाने केलेला सौदा म्हणून तो वाईट नव्हता. मात्र एकाला काढल्याने दुसऱ्याचा खेळ फुलला नाही. पेटरसनने ६४ सामन्यांत ४५ गुणांवर हंगाम संपवला आणि संघ प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना, मुकला. मिलरला मात्र रेंजर्सने सप्टेंबर २०२५ मध्ये कर्णधार केले. एका लॉकर रूममध्ये (संघाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत) जो स्वभाव अडचणीचा ठरला, तोच दुसऱ्या लॉकर रूमने नेतृत्वासाठी निवडला.

प्रश्न : पॅट्रिक रुआने एका सामन्याच्या मध्यावरच मॉन्ट्रियल सोडल्याची गोष्ट आमच्याकडे कौतुकाने सांगितली जाते. खरोखर एका रात्रीत असे घडले का? आणि व्यवस्थापनाने थोडी कळ काढली असती तर?

उत्तर : गोष्ट खरी आहे, फक्त ती एका रात्रीत शिजलेली नव्हती. २ डिसेंबर १९९५ रोजी मॉन्ट्रियल कॅनेडियन्स फोरम या आपल्याच स्टेडियममध्ये डेट्रॉइटकडून १–११ असे हरले. गोलरक्षक रुआने २६ फटक्यांत ९ गोल खाल्ले, तरी प्रशिक्षक मारिओ त्रांब्ले यांनी त्याला दुसऱ्या सत्रापर्यंत बाहेर काढले नाही. मध्येच एक सोपा फटका अडवल्यावर प्रेक्षकांनी उपहासाने टाळ्या पिटल्या, तेव्हा त्याने दोन्ही हात वर करून त्या स्वीकारल्या. शेवटी बाहेर बोलावल्यावर तो त्रांब्ले यांच्यासमोरून चालत गेला, परत वळला, बाकामागच्या रांगेत बसलेले क्लबचे अध्यक्ष रोनाल्ड कोरी यांच्याकडे वाकला आणि मॉन्ट्रियलसाठी हा आपला शेवटचा सामना असल्याचे त्यांना सांगून मोकळा झाला. चार दिवसांनी तो कोलोरॅडोला गेला.

या प्रसंगामागे जुने पाणी होते. रुआच्या पहिल्या हंगामात त्रांब्ले त्याचे सहखेळाडू होते, दौऱ्यावर दोघे एका खोलीत राहत, आणि तेव्हापासून त्यांचे फारसे जमले नव्हते. ऑक्टोबर १९९५ मध्ये क्लबने जुने व्यवस्थापन बदलले आणि त्रांब्ले यांना प्रशिक्षक, तर रेजाँ हूल यांना जनरल मॅनेजर (ट्रेड आणि करार ठरवणारा) केले. दोघांनाही एनएचएलमध्ये त्या पदाचा अनुभव नव्हता. संघाला १९८६ आणि १९९३ चा स्टॅनली कप, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, जिंकून देणारा, दोन्ही वेळा प्लेऑफचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला तीस वर्षांचा मानी गोलरक्षक आणि त्याच्याशी पूर्वीपासून न जुळणारा नवखा प्रशिक्षक यांना एकत्र आणले, तिथेच ट्रेडची पहिली ओळ लिहिली गेली होती, असे माझे मत आहे.

कळ काढली असती तर काय झाले असते, याचे उत्तर सौद्याच्या आकड्यांतच आहे. रुआबरोबर कर्णधार माइक कीनही गेला आणि बदल्यात गोलरक्षक ज्योस्लँ तिबो, मार्टिन रुचिन्स्की आणि आंद्रे कोवालेंको आले. तिघेही कामाचे खेळाडू होते, पण रुआच्या तोडीचे त्यांच्यात कोणी नव्हते. चार दिवसांत, सर्व लीगला आपली निकड ठाऊक असताना, याहून अधिक मिळणे कठीण होते. कोलोरॅडोने त्याच हंगामात स्टॅनली कप जिंकला, २००१ मध्ये पुन्हा जिंकला, आणि मॉन्ट्रियलने १९९३ नंतर तो जिंकलेला नाही. एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. हा कोलोरॅडो संघ म्हणजे काही महिन्यांपूर्वीपर्यंत क्युबेक सिटीत असलेला, मॉन्ट्रियलचा हाडवैरी संघ होता. तो तेथेच असता, तर रुआला त्यांच्याकडे पाठवण्याचे धाडस मॉन्ट्रियलमध्ये कोणीही केले नसते.

प्रश्न : समोरच्या संघातील खेळाडूचा स्वभाव विकत घेणाऱ्या संघाला कळतो तरी कसा? त्याच्याशी आधी बोलता येते का?

उत्तर : बोलता येत नाही. दुसऱ्या संघाशी करार असलेल्या खेळाडूशी त्या संघाच्या परवानगीशिवाय संधान बांधणे नियमबाह्य आहे. त्यामुळे माहिती आडवाटेने गोळा करावी लागते. प्रत्येक संघाचे स्काउट (खेळाडू हेरणारे) वर्षभर इतर संघांचे सामने पाहत असतात, आणि त्यांची नजर नेहमीच चकतीवर नसते. गोल खाल्ल्यावर हा बाकावर कसा बसतो, बदली व्हायची वेळ झाली तरी बर्फावर रेंगाळतो का, चौथ्या, म्हणजे सर्वांत कमी खेळणाऱ्या, फळीतल्या पोराने गोल केला तर हा उठून उभा राहतो का, हे टिपले जाते. मग जुने प्रशिक्षक, ज्युनियर संघातील माणसे, पूर्वीचे सहखेळाडू यांना फोन जातात. माझ्या मते सर्वांत खरी माहिती स्केटला धार लावणाऱ्या आणि सामान सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे असते, कारण खेळाडू त्यांच्यासमोर मुखवटा घालत नाहीत. मात्र ती माणसे सहसा तोंड उघडत नाहीत.

ही सारी माहिती शेवटी ऐकीव असते, आणि तिचा भाव ठरवताना मोठमोठ्यांची गफलत होते. बॉस्टनने जुलै २०१३ मध्ये २१ वर्षांचा टायलर सेगिन डॅलसला दिला, तेव्हा जनरल मॅनेजर पीटर शियारेली यांनी त्याने व्यावसायिक खेळाडूसारखे वागण्याकडे लक्ष द्यावे, असे आधीच जाहीरपणे म्हटले होते. त्या संघावरील एका दूरचित्रवाणी मालिकेत पुढे ती बैठकच दाखवण्यात आली : टेबलाभोवती बसलेली जाणती माणसे, आणि हा मुलगा आपल्या पद्धतीत बसतो की नाही याची चर्चा. प्लेऑफच्या २२ सामन्यांत एकच गोल केल्यामुळे त्याची बाजू पडती होती. पुढच्या हंगामात सेगिनने डॅलससाठी ३७ गोल केले; त्याच्या बदल्यात आलेल्या लुई एरिक्सनने बॉस्टनसाठी १०. विशीतल्या मुलाचा स्वभाव हा त्याचा कायमचा स्वभाव मानणे, ही माझ्या दृष्टीने त्या बैठकीतली चूक होती.

गंमत अशी की सेगिन ज्या पिकवर निवडला गेला, तो पिक बॉस्टनला फिल केसलच्या बदल्यात टोरांटोकडून मिळालेला होता. केसल टोरांटोत गोल करत राहिला, पण तो अबोल, पत्रकारांना टाळणारा आणि व्यायामाचे वावडे असलेला, अशी त्याची ख्याती झाली. जुलै २०१५ मध्ये टोरांटोने त्याला पिट्सबर्गला दिले आणि त्याच्या पगाराचा काही भाग स्वतः भरणेही मान्य केले. तो गेल्यावर एका स्तंभात असे छापून आले की, तो रोज रस्त्यावरच्या गाडीवर हॉट डॉग खायचा. त्या गोष्टीच्या तपशिलावर पुढे शंका घेतल्या गेल्या. पिट्सबर्गमध्ये सिडनी क्रॉस्बी आणि येवगेनी माल्किन असल्याने संघाचा चेहरा होण्याचे ओझे केसलवर नव्हते. २०१६ च्या प्लेऑफमध्ये त्याने संघात सर्वाधिक २२ गुण मिळवले, पिट्सबर्गने लागोपाठ दोन स्टॅनली कप जिंकले, आणि दुसऱ्या वर्षी केसलने कपात हॉट डॉग भरून ते खातानाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. ज्याच्या तंदुरुस्तीची एवढी चेष्टा झाली, त्याच्याच नावावर २०२२ मध्ये एकही सामना न चुकवता सलग सर्वाधिक सामने खेळण्याचा विक्रम लागला.

केसलला तेव्हा पिट्सबर्गमध्ये आणणारे जनरल मॅनेजर जिम रदरफर्डच होते. बदनाम स्वभावाचा खेळाडू पडत्या भावात मिळतो, हे त्यांना तेव्हा ग्राहक म्हणून उमगले होते. दहा वर्षांनी व्हँकूव्हरमध्ये तेच विक्रेत्याच्या बाजूला उभे होते.

प्रश्न : जिंकणाऱ्या प्रत्येक संघाची 'केमिस्ट्री' (आपसातले जुळणे) चांगली असते आणि हरणाऱ्याची वाईट. ही वरातीमागून घोडे नाचवण्यातली गत नाही का?

उत्तर : पुष्कळ अंशी आहे. सलग सहा सामने जिंकणाऱ्या लॉकर रूममध्ये सगळेच विनोद चांगले वाटतात. न्यूयॉर्क रेंजर्सचे १९९४ चे उदाहरण दोन्ही बाजूंना वापरता येते, म्हणून ते मला आवडते. संघ लीगमध्ये पहिला असताना प्रशिक्षक माइक कीनन यांच्या आग्रहावरून जनरल मॅनेजर नील स्मिथ यांनी ट्रेडच्या अंतिम दिवशी संघ ढवळून काढला. सहाशेहून अधिक गोल केलेला माइक गार्टनर देऊन ग्लेन अँडरसन घेतला. तरुण टोनी अमॉन्टी देऊन ब्रायन नूनन आणि स्तेफान मातो हे कष्टाळू खेळाडू घेतले. क्रेग मॅकटॅविशही आला. निव्वळ गुणवत्तेच्या तराजूत रेंजर्सचे पारडे हलके झाले. पण अँडरसन आणि मॅकटॅविश यांच्यामुळे, एडमंटनकडून स्टॅनली कप जिंकलेल्या आणि कर्णधार मार्क मेसियेला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या खेळाडूंची संख्या त्याच्यासह सातवर गेली. अंतिम मालिकेच्या आधीच्या फेरीत, न्यू जर्सीविरुद्धच्या सातव्या सामन्यात दुसऱ्या जादा सत्रात निर्णायक गोल केला तो मातोनेच, आणि संघाने ५४ वर्षांनी कप जिंकला.

केमिस्ट्रीचा विजय म्हणावा, तर त्याच वेळी कीनन आणि स्मिथ यांचे आपसात पटत नव्हते हे सर्वश्रुत होते आणि कप जिंकून महिना-दीड महिना होतो न होतो तोच कीनन दुसऱ्या संघाकडे निघून गेले. म्हणजे सौहार्द सगळीकडेच असावे लागते असे नाही. ते बाकावर असावे लागते, कार्यालयात नसले तरी एखादा हंगाम निभावते. दुसरे असे की, तो मातोचा फटका खांबाला लागून बाहेर गेला असता, तर अमॉन्टीला घालवणे हा आज मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितला गेला असता. अमॉन्टीने कारकिर्दीत चारशेहून अधिक गोल केले.

आकडेवारीवाल्यांची अडचण खरी आहे : एका फळीचे तीन खेळाडू हंगामभरात मिळून जे गोल करतात, त्यांची संख्या एवढी लहान असते की त्यातून मैत्रीचा वाटा आणि योगायोगाचा वाटा वेगळा काढणे दुरापास्त होते. तरीही मी 'केमिस्ट्री' हा शब्द टाकून द्यायला तयार नाही, कारण भूमिका मान्य असणे हा तिचा मोजता येण्याजोगा भाग आहे. मार्च २०२५ मध्ये फ्लोरिडाने ३६ वर्षांचा ब्रॅड मार्शां बॉस्टनकडून घेतला. तो बॉस्टनचा कर्णधार होता आणि आधीच्या दोन प्लेऑफमध्ये फ्लोरिडाशी हाडामांसाची लढत देऊन बसला होता. प्रतिस्पर्ध्याला डिवचण्याबद्दल तर तो लीगभर कुप्रसिद्ध. फ्लोरिडात मात्र तो मुकाट्याने तिसऱ्या फळीत खेळला, अंतिम मालिकेत ६ गोल केले आणि कप जिंकला. अलेक्सांदर बार्कोवसारखा शांत कर्णधार आणि मॅथ्यू कचकसारखा तोंडाळ खेळाडू ज्या लॉकर रूममध्ये आधीच सुखाने नांदत होते, तिथे आणखी एक वात्रट माणूस सहज सामावला. हीच व्यक्ती एखाद्या विस्कटलेल्या संघात गेली असती, तर बातम्या निराळ्या आल्या असत्या.

प्रश्न : या सगळ्यात खुद्द खेळाडूच्या हातात काय असते?

उत्तर : ट्रेडसाठी खेळाडूची संमती लागेल असे कलम करारात असेल तर बरेच, नसेल तर जवळपास काही नाही. अशी कलमे साधारणपणे २७ वर्षांचे वय किंवा सात हंगाम पूर्ण झाल्यावरच मिळू शकतात, आणि संघ त्या तारखांकडे डोळे लावून असतात. पी. के. सुबानचे असे कलम १ जुलै २०१६ रोजी लागू होणार होते. मॉन्ट्रियलने त्याला २९ जूनला नॅशव्हिलला दिले आणि शे वेबरला घेतले.

दुसरे उदाहरण पॅट्रिक बर्गलुंडचे आहे. बफेलोचा रायन ओ'रायली एप्रिल २०१८ मध्ये, संघ लीगमध्ये तळाला राहिल्यावर, पत्रकारांसमोर म्हणाला होता की या हरण्यात खेळावरचे आपले प्रेमच अधूनमधून हरवले. १ जुलैला, त्याचा ७५ लाख डॉलरचा बोनस देय होण्याच्या दिवशीच, बफेलोने त्याला सेंट लुइसला दिले. बदल्यात ड्राफ्ट पिक आणि जे तीन खेळाडू आले, त्यांत बर्गलुंड होता. तो दहा हंगाम सेंट लुइसमध्येच खेळला होता. आपण कोणत्या संघांकडे जाणार नाही याची यादी देण्याचा हक्क त्याच्या करारात होता, पण ती यादी मुदतीत दिली गेली नाही, आणि तो बफेलोला पोहोचला. डिसेंबरमध्ये तो संघाकडे यायचाच थांबला. करार रद्द झाला आणि एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम सोडून तो स्वीडनला, आपल्या घरी परतला. आपण तिथे आनंदी नव्हतो, एवढेच त्याने नंतर सांगितले. त्या हंगामाचा स्टॅनली कप सेंट लुइसने जिंकला आणि प्लेऑफचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ओ'रायली ठरला.